स्पायडरमॅनचे हेलपाटे

“ह्यो जेवतो कवा?” आईनं विचारलं.

त्या वेळी मी न्यूयॉर्कमधल्या एका उंच इमारतीच्या काचेवर पालीसारखा चिकटलो होतो. देहानं सोनईतच होतो म्हणा, आमच्या पुढच्या खोलीत, एका अंगाला कांद्याच्या बियाण्याची खोकी आणि दुसऱ्या अंगाला दिवाण, मध्ये मांडी घालून. पण दोन्ही हात न्यूयॉर्कात अडकलेले. ‘जेवतो कवा’ हे माझ्याबद्दल की त्याच्याबद्दल, हे कळायला जरा वेळ लागला. आईला त्याची काळजी होती. माझं ताट अर्ध्या तासापूर्वीच झाकून ठेवलं होतं आणि त्याविषयी बोलणं तिनं सोडून दिलं होतं.

हे यंत्र पुतण्यानं आणलं. तो हिंजवडीला कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा प्लेस्टेशन पिशवीत घालून आणलं आणि जाताना इथंच ठेवून गेला. “तिकडं रूमवर असलं की माझं काम होत नाही, काका,” म्हणाला. म्हणजे इथं ठेवलं की आमची कामं झाली नाहीत तरी चालतील, असा हिशेब. माझं कृषी सेवा केंद्र आहे. नोव्हेंबरात गव्हाचं बियाणं, कांद्याची औषधं, खतांची गर्दी, उधारीची वही. त्यात हा निळ्या-तांबड्या कपड्यातला पोरगा घरात शिरला.

गेमचं नाव ‘मार्व्हल्स स्पायडरमॅन’. इन्सॉम्नियाक नावाच्या अमेरिकी कंपनीनं २०१८ साली काढलेला. त्यात आख्खं मॅनहॅटन बेट रस्त्या-गल्ल्यांसकट उभं केलंय आणि त्यातून झोके घेत कुठंही जायची मुभा आहे. नदी ओलांडून मात्र जाऊ देत नाहीत, ती या पोराची शीव. उजव्या हाताचं एक बटण दाबून धरायचं, जाळं सुटतं. झोका वर गेला की सोडायचं, पुन्हा दाबायचं. पाठीवर पंप घेऊन जन्मभर फवारण्या केलेल्या माणसाला हे जमायला हरकत नव्हती. तरी पहिला तासभर मी स्पायडरमॅनला दिसेल त्या भिंतीवर आपटत होतो. गंमत अशी की त्याला काही होत नाही. चाळीस मजल्यांवरून पडला तरी उठून उभा. आमचे एक चुलते मोटारसायकलवरून पडले, तीही उभी असताना, तर सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते.

तासाभरानं हात बसला आणि मग खरोखरच पोटात गोळा येऊ लागला. सिनेमात हा झोका आपण पाहतो. इथं तो आपल्या बोटात असतो. आता सोडलं नाही तर डांबरावर जाणार, ही जबाबदारी आपली. मी दिवाणाला टेकून बसलो होतो तरी वळणावर अंग वळवत होतो. मागून बायको म्हणाली, “तुम्ही कशाला वाकताय? वाकायचं तर त्याला आहे.”

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी एक विचार केला. हा पोरगा सोनईत असता तर?

झोका घ्यायला उंच काहीतरी लागतं. आमच्याकडे मुळा सहकारी साखर कारखान्याची चिमणी आहे, पाण्याच्या टाक्या आहेत आणि मोबाइलचे टॉवर आहेत. समजा, त्यानं चिमणीला जाळं मारलं आणि भरारी घेतली. पुढं? पुढं ऊस. त्याच्या पुढं ऊस. मग कांदा, मग पुन्हा ऊस. झोका संपणार आणि हा थेट उसाच्या फडात. अंगाबरोबर शिवलेला पोशाख असल्यामुळे उसाची पानं कापणार नाहीत, एवढाच काय तो फायदा. मग पाचट तुडवत बांधावर येणार, बांधाबांधानं डांबरीला लागणार आणि हात दाखवून कारखान्याला जाणारा ट्रॅक्टर थांबवणार. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांड्यावर बसून, मोठ्या आवाजातली गाणी ऐकत हा जगाला वाचवायला निघालेला. सूत धरून उडण्यासाठी आधी इमारती लागतात, ही गोष्ट त्या कॉमिकवाल्यांनी न्यूयॉर्कात राहून गृहीतच धरली.

तसं लटकणं आम्हाला नवीन नाही. इथून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. राहुरीच्या बाजूनं येणाऱ्या भाविकांच्या मोटारींना गाठून, “पार्किंग इकडं, पूजेचं ताट इकडं” म्हणत आपापल्या दुकानाकडे वळवणारी जी पोरं रस्त्यावर असतात, त्यांना आमच्या भागात ‘लटकू’ म्हणतात. वर्तमानपत्रंही हाच शब्द छापतात. धावत्या मोटारीबरोबर मोटारसायकल एका हातानं चालवत, दुसऱ्या हातानं काच ठोठावत, मुंबईच्या माणसाला मराठीत आणि दिल्लीच्या माणसाला हिंदीत पटवणारा लटकू मी पाहिलाय. स्पायडरमॅनला हे जमेल असं वाटत नाही. आणि तारेवर अचूक नेम धरून काहीतरी फेकायचं म्हणाल, तर रात्री आकडा टाकणारे आमच्याकडचे हात बिनमोल आहेत. पहिल्या फेकीत बसतो.

पण त्याची खरी पंचाईत शिंगणापुरातच होईल. गेममध्ये दर दोन-चार मिनिटांनी कुठं ना कुठं गुन्हा घडत असतो. कुणी दुकान फोडतंय, कुणी मोटार पळवतंय. आणि इथं एक गाव असं की घरांना चौकट आहे पण दार नाही. युको बँकेनं २०११ मध्ये तिथं शाखा काढली, तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. पोलीस ठाणं यायला २०१५ साल उजाडलं. चोरी करणाऱ्यावर शनिदेवाचा कोप होतो, ही गावाची श्रद्धा. शनिदेव कुणाच्या मागं झोके घेत धावत नाहीत. वर छप्परही नाही, उघड्या चौथऱ्यावर उभे आहेत, तेल अंगावर घेत. धावपळ शून्य आणि दरारा एवढा. स्पायडरमॅन तिथं गेला तर दिवसभर पारावर बसून राहील आणि संध्याकाळी एखादा लटकू त्याला ताट विकेल.

आता दुसऱ्या माध्यमांशी ताळा घालायचा तर मला माझ्या वयाचा हिशेब द्यावा लागेल. मी वेताळाच्या पिढीचा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली टाइम्सवाल्यांनी सुरू केलं आणि ते मराठीतही निघायचं. फँटमला त्यात वेताळ म्हणत. माझ्या हाती आली ती अंकांची चळत मामाच्या घरची, पहिली दोन पानं गेलेली. त्यामुळे वेताळाच्या कितीतरी गोष्टी मला मधूनच सुरू झालेल्या माहीत आहेत. त्याच्या अंगठीचा ठोसा बसला की गुंडाच्या गालावर कवटी उमटायची. वेताळाची एक गोष्ट आईलाही आवडली असती. तो बंदरावरच्या गुत्त्यात जायचा आणि दूध मागायचा.

कॉमिकमध्ये सोय फार मोठी. एका चौकटीत वेताळ कवटीच्या गुहेत, पुढच्या चौकटीत बंदरावर. मधला सगळा प्रवास त्या दोन चौकटींमधल्या बोटभर पांढऱ्या पट्टीत. घोड्याला चारा कुणी घातला, वाटेत नदीला पूर होता का, बंदरावर पोचल्यावर ज्याला भेटायचं तो जेवायला गेला होता का, हे त्या पट्टीत गडप.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा. गल्लीत एक टीव्ही. तिथं उलटं होतं. लढाईतलं काही गाळायचंच नाही. इकडून बाण सुटायचा, तिकडून बाण सुटायचा, आणि दोघांची गाठ पडेपर्यंत मागच्या बाईला चुलीवरचं दूध उतरवून यायला वेळ मिळायचा. पण प्रेक्षकाच्या हाती काय होतं? हात जोडणं. लाईट गेली तर सामूहिक उसासा. एवढाच आमचा सहभाग.

‘शक्तिमान’ १९९७ च्या सप्टेंबरात आला, तेव्हा मी कॉलेजात. ते पाहणं वयाला शोभत नव्हतं, म्हणून मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरून चुलत भावंडांच्या मागं बसायचो. पेपराचं एकच पान तासभर वाचायचो. शक्तिमानची भिंगरी सुरू झाली की लहान पोरं अंगणात जाऊन गरगरायची आणि तुळशीवृंदावनावर आपटायची. एका गोष्टीचं मात्र कौतुक करावं लागेल. आपला महामानव चष्मा लावून, बावळटासारखे दात पुढं काढून वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करतो, हे मुकेश खन्नांनी गंगाधर म्हणून असं रंगवलं, की आमच्याकडे अजून बावळट माणसाला गंगाधर म्हणतात आणि मनात शंकाही ठेवतात.

आणि मुस्तफा. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या गेमचं नाव अख्ख्या महाराष्ट्रात कुणी घेतलं नाही. सगळे मुस्तफाच म्हणायचे. नगरला माळीवाडा स्टँडच्या बाजूला रुपयाला एक टोकन. घरी सांगायचं, एसटी चुकली. मुस्तफा पिवळी टोपी घालून सगळ्यांना लाथा मारत पुढं जायचा आणि जीव कमी झाला की डबे-पिंपं फोडायचा. त्यातून जेवण निघायचं. रस्त्यावरचं, भुईवर पडलेलं, पण जेवायचा. आईचा प्रश्न त्याच्याबाबतीत आलाच नसता. स्पायडरमॅन मात्र मारामारी करूनच ताजातवाना होतो. जेवायला थांबत नाही.

मला वाटतं, माझ्यापुढचा खरा मुद्दा इथं सुरू होतो. वेताळ, राम-रावण, शक्तिमान, या सगळ्यांत पराक्रम दाखवला आणि हेलपाटे गाळले. या गेमनं हेलपाटे गाळले नाहीत. ते आपल्या गळ्यात घातले.

वाटाणाबे म्हणून एक पोलीस कॅप्टन बाई आहेत. त्यांचा फोन येतो. शहरातले पोलिसांचे टॉवर बिघडलेत, तेवढे नीट कर. सुपरहीरो टॉवरवर चढून बटणं फिरवून सिग्नल जुळवतोय. मित्र परदेशी गेलाय, तो शहरभर हवा-पाणी तपासायची केंद्रं सोडून गेलाय, ती बघ. एका गच्चीवर हॉवर्ड नावाचा म्हातारा आहे, त्याची कबुतरं उडालीत. बारा कबुतरं! ती धरायला आख्ख्या मॅनहॅटनभर त्यांच्या मागं झोके घ्यायचे. हा जगातला बलाढ्य पोरगा, आणि संध्याकाळभर कबुतरं धरतोय. वर एक जेमसन म्हणून माजी संपादक गृहस्थ आहेत, ते रोज कार्यक्रमातून त्यालाच शिव्या घालतात. तू कबुतर धरत असतोस आणि कानात तुझीच निंदा. चहाच्या टपरीवर आपल्याबद्दल काय बोलतात ते थेट प्रक्षेपणात ऐकायची सोय.

मला हे ओळखीचं वाटलं, कारण माझ्याकडे पिकअप आहे.

गावात ज्याच्याकडे पिकअप असते त्याला सुपरहीरोचे कपडे शिवावे लागत नाहीत. रात्री अकराला फोन येतो. बाळंतीण आहे. अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसरा फोन, मांडवाचे पाइप उतरवायचेत. मोटार जळाली, नगरला रिवाइंडिंगला न्यायची. घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायची आहे, “तुमी नुस्ते संग चला, बोलायचं आमी बघतो.” डिझेलचं कुणी काढत नाही. काढलंच तर शंभराची नोट खिशात कोंबतात आणि आपण ती परत देतो आणि ते ती घेतात. स्पायडरमॅनलाही कुणी डिझेलचं विचारत नाही. त्याच्या खोलीचं भाडं थकलेलं. मालकानं एके दिवशी सामान काढून कचऱ्याच्या गाडीत टाकलं, आणि हा पोरगा शहर वाचवायचं सोडून कचऱ्याच्या गाड्या धुंडाळत हिंडतोय. या प्रसंगाला मी गेम थांबवला आणि डोळे पुसले. बायकोला सांगितलं, धूर आहे. घरात गॅस आहे.

सिनेमात हा प्रसंग असता तर दोन मिनिटांत गाणं लावून संपवला असता. पीटर पार्करची ओढाताण २००२ च्या सिनेमापासून पडद्यावर दाखवतात, पण आपण पॉपकॉर्न खात पाहतो. गेममध्ये ती गाडी आपल्यालाच शोधायची असते, आणि ती चुकीची निघाली की चिडचिडही आपलीच.

आईची गोडी हळूहळू वाढत गेली. तिनं त्याचं घराणं विचारलं. मी सांगितलं, आई-बाप लहानपणी गेले, चुलत्यानं वाढवला, चुलताही गेला, आता ती मे आन्टी म्हणजे चुलती.

“चुलतीनं सांभाळला?” आई म्हणाली. “म्हंजी गोष्ट खोटी हाये.”

माझी बायको दारात उभी होती. हिंजवडीच्या पुतण्याची ती चुलती. यापुढची दहा मिनिटं मी फक्त स्पायडरमॅनकडे बघत होतो.

दप्तरांवरून तर आईनं त्याचा निकालच लावला. शाळेत असल्यापासून त्यानं शहरात जागोजाग जाळ्यानं चिकटवून ठेवलेली दप्तरं आपण गोळा करायची असतात. पंचावन्न. “पंचावन्न दप्तरं हरवली?” आई म्हणाली. “तुझं एक पट्टीचं दप्तर हरवलं तं तुझ्या बापानं तुला चिंचेच्या झाडाखाली कसा धरला हुता, आठवतं का?” आठवतं. सुपरहीरो होण्यासाठी बाप नसावा लागतो, असं माझं तेव्हापासून मत आहे. वेताळाचा बापही गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेला असतो.

पुतण्यानं फोनवर एक किस्सा सांगितला. हा गेम बाजारात यायच्या आधी जगभर मोठी बोंबाबोंब झाली. का, तर आधी दाखवलेल्या चित्रफितीत एका जागी पाण्याची डबकी मोठी होती आणि नंतरच्या चित्रात कमी दिसली. कंपनीनं डबक्यातलं पाणी कमी केलं, फसवणूक झाली! त्याला ‘पडलगेट’ असं नावही पडलं. कंपनीनं खुलासा केला की फक्त डबक्याचा आकार बदललाय. शेवटी फोटो काढायच्या सोयीत हवी तिथं चिकटवायला डबक्यांचे स्टिकर दिले. पुतण्याला हे हास्यास्पद वाटत होतं. मला अजिबात वाटलं नाही. मुळा धरणाचं आवर्तन आलं की आमच्याकडे याहून कमी पाण्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. फक्त आम्हाला कुणी स्टिकर दिले नाहीत.

पोरांच्या माहितीसाठी सांगतो, देशी स्पायडरमॅनही झालाय. २००४ साली ‘स्पायडरमॅन इंडिया’ नावाचं कॉमिक निघालं. त्यातला पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईला शिकायला येतो आणि धोतर नेसून झोके घेतो. आमच्या इकडच्या पोरांसारखाच, फक्त त्याला योगी भेटला आणि यांना पेइंग गेस्टची मालकीण. २०२३ च्या सिनेमात तो पडद्यावर आला आणि तो सिनेमा मराठीतही बोलला. मी मराठीतला पाहायला निघालो होतो, पण त्या दिवशी पिकअप एका साखरपुड्याला गेली.

आणि आपल्याकडची एक जुनी गोष्टही नोंदवायला हवी. आमचा तालुका नेवासा. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली तो पैसाचा खांब इथून जवळ. सप्ताहात कीर्तनकार चांगदेवाची गोष्ट लावतात. चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक, शिष्यांचा लवाजमा घेऊन येतोय. कुठल्याही हॉलिवुडवाल्याला याहून मोठी एन्ट्री जमणार नाही. समोर चार भावंडं, भिंतीवर बसलेली. ती भिंतच चालू लागते. आता घनघोर युद्ध होणार, असं वाटतं ना? काही नाही. चांगदेव खाली उतरतो आणि पाया पडतो. खेळ संपला. मी पुतण्याला म्हटलं, याचा गेम काढा. तो म्हणाला, “काका, मग बटण कुठलं दाबायचं?” खरंय. पाया पडायचं बटण अजून निघालेलं नाही.

हनुमंताचा गेम मात्र निघाला होता, २००९ साली, प्लेस्टेशन टूवर, हैदराबादच्या कंपनीचा. देवाला असं बोटाच्या इशाऱ्यावर नाचवू नये, अशी त्यावर तक्रार झाली. मला आधी ती तक्रार फाजील वाटली. मग मी त्या मारुतीला पहिल्या तासात किती भिंतींवर आपटलं असतं, हे आठवलं आणि गप्प बसलो. शनिवारी तेल घेऊन कुठल्या तोंडानं गेलो असतो?

परवा रात्री अकराला गेममधल्या एका मोठ्या लढाईच्या ऐन मध्यात फोन वाजला. मी दचकून गेममध्येच बघितलं, वाटाणाबे बाईंचा असेल. पण तो माझा होता. शेजाऱ्याची मोटार सुरू करायला जायचं होतं, लाईट रात्रपाळीची होती आणि तो पंढरपूरला गेलेला. मी बॅटरी घेतली, स्वेटर घातला आणि यंत्र आईच्या हातात दिलं. “काही करू नको, नुस्तं धर.”

परत आलो तेव्हा साडेबारा झाले होते. आई जागी होती. लढाई कधीच हरली होती, पडद्यावर शांतता. तिनं एकच दांडी शोधून काढली होती, चालायची. स्पायडरमॅन मॅनहॅटनच्या फुटपाथवरून, गर्दीतून, सावकाश चालत होता. झोका नाही, उडी नाही. सत्तर वर्षांची बाई बाजारातून चालते तसा, मध्येच थांबून, वळून बघत. कुणीतरी त्याला हात केला.

“कवाचा हिंडतोय,” ती म्हणाली. “ह्याला घरी न्यायचंय.”

“घर नाही त्याला, आई. काढलं मालकानं.”

“मंग चुलतीकडं.”

मी सांगितलं, चुलती अन्नछत्रात काम करते, निराधारांना जेवू घालते. आईचं तोंड उजळलं. चुलतीबद्दलचं मत तिनं तिथल्या तिथं बदललं. मी नकाशा काढून रस्ता दाखवला आणि ती त्याला दारोदार, पार इमारतींच्या भिंतीला घासत, घेऊन निघाली. दाराशी जाऊन थडकली. पुन्हा थडकली. शेजारच्या दाराशी नेलं. तेही नाही.

“उघडत नाहीत, आई,” मी म्हटलं. “या शहरातली बरीचशी दारं नुसती चित्रं आहेत.”

आईनं स्पायडरमॅनला त्या बंद दारापुढं उभं केलं आणि यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं.

“शिंगणापुरात आणायचा हुता मंग,” ती म्हणाली आणि माझं झाकलेलं ताट गरम करायला उठली.